कमी वाचल्या गेलेल्या सात मराठी पुस्तकांत आधी कुठलं घ्यावं?

एखादं पुस्तक घ्यावं की नाही हे ठरवताना बहुतेक जण विचारतात, “कसं आहे? आवडलं का?” माझा सल्ला आहे की ज्याला ते आवडलं नाही त्याला आधी गाठा. कौतुक सगळ्या पुस्तकांचं जवळपास सारख्याच शब्दांत होतं. अप्रतिम, खाली ठेववत नाही, प्रत्येकानं वाचलंच पाहिजे. यातून त्या पुस्तकाबद्दल हाती काही लागत नाही. पण एखाद्यानं साठाव्या पानावर पुस्तक का मिटलं हे नीट सांगितलं, की आपल्याला ते झेपेल का, रुचेल का, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. कधी कधी तर त्याची तक्रार ऐकूनच वाटतं, अरे, हे तर मला हवंच होतं.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आम्ही काही जण महिन्यातून एकदा जमतो आणि एका पुस्तकावर बोलतो. अट एवढीच की पुस्तक घरोघरच्या कपाटांतलं नको. ज्यांची नावं भाषणांत आणि अभ्यासक्रमांत ऐकू येतात, पण वाचलेला माणूस सहसा भेटत नाही, अशी पुस्तकं आम्ही काढतो. गटात शाहूपुरीत गुळाची पेढी चालवलेले अण्णा आहेत. निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. कागलकडून एस.टी.नं येणारे तात्या आहेत, बँकेत नोकरी करणाऱ्या वहिनी आहेत, आणि शिवाजी विद्यापीठात एम.ए. करणारी एक मुलगी. एवढ्या निरनिराळ्या माणसांचं एकमत क्वचितच होतं. पुढचा आढावा त्या मतभेदांवरच उभा आहे. बऱ्याच वर्षांनी पुन्हा मराठी वाचायला घेणाऱ्यांनी, किंवा स्वतःचा असा गट सुरू करू पाहणाऱ्यांनी, त्यातून आपलं पहिलं पुस्तक ठरवावं.

‘गोतावळा’ की ‘सत्तांतर’

दोन्ही पुस्तकांच्या मध्यभागी जनावरं आहेत आणि दोन्ही लेखक आपल्याच बाजूचे, आनंद यादव कागलचे आणि व्यंकटेश माडगूळकर माणदेशातल्या माडगूळचे. साम्य इथंच संपतं.

यादवांचं नाव घेतलं की लोक ‘झोंबी’ म्हणतात आणि तिथंच थांबतात. ‘झोंबी’ला १९९० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ती वाचली गेली, हे चांगलंच झालं. पण ‘गोतावळा’ तिच्या कितीतरी आधीची, १९७१ची. नारबा नावाचा मळ्यावरचा गडी स्वतःच सगळं सांगतो. त्याला बायको नाही, घर म्हणावं असं घर नाही. मळ्यातली जनावरं हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणायचं ठरवतो आणि एकेका जनावराची गरज संपत जाते. कथानक विचाराल तर एवढंच.

पहिली तक्रार भाषेची, आणि ती खरी आहे. नुसते संवाद बोलीत असलेल्या कादंबऱ्या मराठीत पुष्कळ आहेत. इथं निवेदनही पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कागल भागाच्या बोलीत आहे. वहिनी मूळच्या पुण्याच्या. त्या म्हणाल्या, “पहिली वीस पानं मी प्रत्येक ओळ दोनदा वाचली आणि मग सोडून दिलं.” राजारामपुरीत लहानाची मोठी झालेली आमची एम.ए.वाली मुलगीसुद्धा अडखळली. शिवळ म्हणजे काय, कुळव आणि नांगर यांत फरक काय, हे तात्यांनी हातवारे करून दाखवलं तेव्हा तिला कळलं.

मग तात्यांनीच पुस्तक हातात घेतलं आणि जनावर विकण्याचा भाग मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. जिथं स्वल्पविराम होते तिथं ते थांबले नाहीत, जिथं नव्हते तिथं मात्र थांबले. छापलेल्या पानावर जी वाक्यं तुटक वाटत होती ती बोलण्याच्या लयीत सरळ जुळून आली. दोन-तीन पानं झाली असतील. वहिनींनी आपली प्रत मिटून मांडीवर ठेवली होती आणि त्या नुसत्या ऐकत होत्या. त्या महिन्यात त्यांनी उरलेली कादंबरी घरी मोठ्यानं वाचून पुरी केली. त्यामुळं भाषेची तक्रार ऐकून ‘गोतावळा’ बाजूला ठेवू नका, वाचायची पद्धत बदला. डोळ्यांनी भरभर वाचायचं हे पुस्तक नाही.

दुसरी तक्रार अण्णांची. “ट्रॅक्टर येणार हे सुरुवातीलाच कळतंय, मग पुढं काय?” हेही बरोबर आहे. उत्कंठा हवी असेल तर इथं ती मिळणार नाही. शिवाय अण्णांनी एक सडेतोड मुद्दा मांडला, की आज बैलजोडी सांभाळणं कुणाला परवडतंय, आणि ट्रॅक्टरनं शेतकऱ्याचे कष्ट वाचलेच ना. यावर तासभर बोलणं झालं. मला वाटतं, ‘ट्रॅक्टर वाईट’ असं भाषण या कादंबरीत कुणी ठोकत नाही, म्हणूनच ती टिकली. मालकाच्या हिशेबात जे कधी धरलंच गेलं नव्हतं ते नारबाच्या बोलण्यातून एकेक करून पुढं येतं. तिसरी अडचण बाईंनी सांगितली. जनावरांची वीण, नारबाची बाईची ओढ, हे सगळं उघड येतं. घरात सगळ्यांच्या देखत वाचायला त्यांना अवघड गेलं. शाळकरी मुलांच्या हाती देऊ नका एवढं ध्यानात ठेवावं.

‘सत्तांतर’ १९८२ची, पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तरीही माडगूळकरांचं म्हणून लोक ‘बनगरवाडी’च वाचतात. हे पुस्तक अगदी पातळ, एका बैठकीत संपणारं. नागझिऱ्याच्या जंगलातल्या वानरांच्या टोळ्या, टोळीवर हुकूम चालवणारा नर, बाहेरून चालून येणारे नर, मारामारी, आणि सत्ता हातात आल्यावर नव्या नरानं आधीच्या नराची पिल्लं मारणं. वानरांमध्ये हे खरोखर घडतं, प्राणिशास्त्रज्ञांनी त्याच्या नोंदी केल्या आहेत. माडगूळकरांची वाक्यं लहान आणि नितळ. एकही शब्द अडत नाही. वहिनींना हे पुस्तक पहिल्या पानापासून आवडलं.

तात्यांना नाही आवडलं. “ह्यात मानूसच न्हाई, मी कुणाच्या संगं चालू?” असं त्यांनी विचारलं. मुलीची तक्रार वेगळी होती. पिल्लू मरतं तरी लेखक हळहळत नाही, त्यामुळं पुस्तक थंड वाटतं. माझ्या मते तोच या पुस्तकाचा जीव आहे. लेखकानं हळहळ व्यक्त केली असती तर वानरांच्या जगात माणसाचा न्याय घुसला असता. अण्णांनी मात्र त्यात थेट कारखान्याची निवडणूक वाचली, कोण कुणाच्या टोळीतून फुटला याची नावंही घेतली. शीर्षकच तसं असल्यावर तसं वाचण्याचा मोह होतो हे मान्य. तरी पहिल्या वाचनात वानरांना वानरंच राहू द्यावं. माणसांचं राजकारण डोक्यात घेऊन बसलं की जंगलाकडं, झाडांकडं, टोळीतल्या माद्यांच्या वागण्याकडं लक्षच जात नाही, आणि पुस्तकातला सर्वांत बारकाईनं लिहिलेला भाग तोच आहे.

तेव्हा, वाचनाची सवय मोडली असेल आणि एक पुस्तक पुरं केल्याचं समाधान लवकर हवं असेल, तर ‘सत्तांतर’. गावाशी थोडंफार नातं असेल, किंवा घरात कुणी वाचून दाखवणारं असेल, तर ‘गोतावळा’. कोल्हापूरच्या वाचकाला मी डोळे झाकून ‘गोतावळा’ सांगेन. इथल्या कानाला ती जेवढी लवकर उलगडते तेवढी दुसरीकडं उलगडणार नाही.

‘बळी’ की ‘जिणं आमुचं’

या दोन पुस्तकांची तुलना आम्ही ठरवून केली, कारण एक बाहेरून आत बघत लिहिलेलं आहे आणि एक आतून.

‘बळी’ ही विभावरी शिरूरकर या नावानं लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकरांची कादंबरी, १९५०ची. त्यांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली आलं तेव्हा खळबळ उडाली होती, ते नाव अनेकांना ठाऊक असतं. ‘बळी’ तेवढी ऐकिवात नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. पुढं त्यांना तारेच्या कुंपणात, सेटलमेंटमध्ये, हजेरी लावून ठेवलं. सोलापूरची सेटलमेंट त्यातली मोठी. मालतीबाईंनी तिथं अधिकारी म्हणून काम केलं होतं आणि कादंबरी त्याच अनुभवातून आली. देशभरातून हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, म्हणजे कादंबरी त्याच्या दोन वर्षं आधीची.

तक्रार मुलीची, आणि ती तिनं नेमक्या शब्दांत मांडली: “लेखिका कुंपणाच्या बाहेर उभी आहे.” लोकांबद्दल कळवळा आहे, माहिती आहे, पण बोलणाऱ्याचा आवाज अधिकाऱ्याचा आहे. बाईंनी लेखिकेची बाजू घेतली. त्यांचं म्हणणं, त्या काळी पांढरपेशा घरातल्या किती लेखिका कुंपणापर्यंत तरी गेल्या होत्या? दोघींचंही बरोबर आहे असं म्हणून मी सुटू शकले असते, पण माझा कौल मुलीच्या बाजूनं थोडा झुकतो. कादंबरी वाचताना व्यवस्था कशी चालत होती हे स्पष्ट दिसतं. माणूस मात्र अधूनमधून उदाहरण होऊन उभा राहतो.

तरीही कोल्हापूरकरांनी ही कादंबरी वाचावी असं मला आग्रहानं सांगायचं आहे. हजेरी, म्हणजे ठरल्या वेळी अधिकाऱ्यापुढं हजर राहण्याची सक्ती, ही गोष्ट आपल्या मातीतही होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली करवीर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड या जातींची हजेरी बंद केली. शाळेत हे एका ओळीत शिकवलं जातं. ‘बळी’ वाचली की हजेरी म्हणजे दिवसाच्या कुठल्या कुठल्या वेळी काय करावं लागत होतं, माणसाच्या मानेवर तिचं ओझं कसं असायचं, हे समजतं आणि त्या एका ओळीचं वजन कळतं. ही चर्चा झाली त्या दिवशी अण्णांनी सांगितलं, की लहानपणी त्यांच्या पेठेत काही घरांकडं बोट दाखवून मोठी माणसं काय म्हणायची. ते शब्द इथं लिहीत नाही. खोलीत बराच वेळ कुणी दुसरा विषय काढला नाही.

बेबीताई कांबळे फलटणच्या. ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपानं आलं. त्यांचं छोटंसं दुकान होतं. पुड्या बांधायला येणारे वर्तमानपत्रांचे कागद त्या वाचायच्या आणि घरच्यांपासून लपवून लिहायच्या. लिहिलेलं वर्षानुवर्षं कुणाला दाखवलं नाही. आपल्या महार समाजाच्या वस्तीतलं जगणं, उपासमार, आषाढातले आनंदाचे दिवस, अंगात येणं, बाबासाहेबांच्या शब्दांनी झालेली जाग, हे सगळं त्या सांगतात. आणि सांगताना ‘मी’ फार कमी वेळा म्हणतात, ‘आम्ही’ म्हणतात.

अण्णांची तक्रार नेमकी याच ‘आम्ही’बद्दल होती. “आत्मचरित्र म्हणून घेतलं, आणि ती स्वतः कुठं दिसतच नाही.” हे वाचक म्हणून खरं आहे. नवऱ्याकडून बेबीताईंना मार खावा लागत होता, पण पुस्तकात तो जवळजवळ नाही. पुढं मुलाखतीत त्यांनी त्याबद्दल सांगितलं. ज्याला एका व्यक्तीची जन्मापासूनची गोष्ट ओळीनं हवी आहे त्याचा इथं हिरमोड होणार. ज्याला एक अख्खी वस्ती एकाच आवाजात बोलताना ऐकायची आहे त्याला असं दुसरं पुस्तक सापडणं कठीण.

वहिनींना एका प्रकरणात थांबावं लागलं. कोवळ्या वयाच्या सुना, सासूचा जाच, आणि पळून गेलेल्या सुनेच्या पायात अडकवायचा लाकडी खोडा. तो खोडा कसा असायचा, तो घालून चालताना पायाला काय व्हायचं, हे बेबीताई तपशिलानं सांगतात. शोषण करणारे फक्त बाहेरचेच होते असं त्या म्हणत नाहीत. आपल्याच घरातल्या बायका सुनांशी कशा वागल्या हेही सांगतात. शेवटी शिकून मोठ्या झालेल्या आपल्याच लोकांना त्या खडे बोल सुनावतात. तात्यांना तो भाग सर्वांत जास्त पटला. “सोताच्या मानसांना बोलायला लई धाडस लागतंय,” असं ते म्हणाले.

बाईंनी दोन्ही पुस्तकांतला फरक फार चांगला सांगितला. ‘बळी’ वाचून त्या ग्रंथालयात जाऊन त्या कायद्याबद्दलची आणखी पुस्तकं शोधू लागल्या. ‘जिणं आमुचं’ वाचून झाल्यावर त्यांना शाळेतल्या काही जुन्या विद्यार्थिनींची आठवण झाली, आणि त्या मुली मधेच शाळेतून का गेल्या असतील याचा विचार इतक्या वर्षांत पहिल्यांदा केला.

एकच वाचायचं असेल तर माझ्या मते ‘जिणं आमुचं’, यात शंका नाही. गट असेल आणि दोन महिने हाताशी असतील तर आधी ‘बळी’ आणि मग ‘जिणं आमुचं’. उलट क्रमानं वाचलं तर ‘बळी’ फिकी वाटेल आणि तिच्यावर अन्याय होईल.

‘माझा प्रवास’ की ‘स्त्री-पुरुष तुलना’

दोन्ही १८८०च्या दशकातलं लिखाण. एक पेणजवळच्या वरसईच्या भिक्षुकाचं, दुसरं बुलढाण्याच्या एका मराठा घरातल्या बाईचं. मराठी एकाच काळाचं, पण मनोवृत्ती दोन टोकांच्या.

विष्णुभट गोडसे घरचं कर्ज फेडायला दक्षिणा मिळेल म्हणून चुलत्यांबरोबर उत्तरेकडं निघाले आणि १८५७च्या बंडात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत होते. हे ऐकून लोक पुस्तक घेतात आणि तिथूनच तक्रार सुरू होते. आमची मुलगी म्हणाली, “लढाई वाचायला बसले आणि अर्धा वेळ स्नान, सोवळं, जेवणावळी आणि दक्षिणा.” हीच गोष्ट अण्णांना मात्र भलतीच भावली. व्यापारी माणूस, त्यांनी पैशाचा माग काढत पुस्तक वाचलं. कुठं किती मिळाले, कुठं लुटले गेले, परत येताना हाती काय उरलं. या हिशेबातूनच प्रवासातली भीती कळते असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते शंभर टक्के पटलं. गोडसे वीर नाहीत, तसा आवही आणत नाहीत. जीव वाचवायला लपून बसलेल्या माणसानं बघितलेली झाशी आहे ही. म्हणूनच शहरातली आग, घराघरांत शिरलेले गोरे शिपाई आणि संस्थानचा ग्रंथसंग्रह उद्ध्वस्त होणं, हे सगळं इतकं खरं वाटतं.

एक प्रसंग मात्र कुणीही विसरत नाही. झाशी पडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी राणी भेटते. अंग धुळीनं माखलेलं, तहानेनं व्याकूळ. गोडसे पाणी काढायला पुढं होतात तर ती त्यांना थांबवते, ब्राह्मणाला कष्ट नकोत म्हणून स्वतः पाणी काढू पाहते. पुतळ्यांतून आणि पोवाड्यांतून पाहिलेल्या राणीपेक्षा ही थकलेली बाई वेगळी आहे. बाईंनी हा भाग आपल्या नातवंडांना वाचून दाखवला आणि मुलांनी पुन्हा वाचायला लावला.

घेताना आवृत्ती बघून घ्या, कारण इथं फरक पडतो. भारताचार्य चिं. वि. वैद्यांनी गोडश्यांकडून हे लिहून घेतलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९०७ साली स्वतःचे फेरफार करून छापलं. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. वैद्यांची वाचायला सोपी, मूळ संहिता जास्त रसरशीत. प्रस्तावना चाळून कुठली संहिता आहे हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

‘स्त्री-पुरुष तुलना’ त्या मानानं छोटी, निबंधच आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर अर्भकहत्येचा खटला झाला, वर्तमानपत्रांतून तमाम बायकांना दूषणं दिली गेली, आणि ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली त्याला उत्तर म्हणून हे छापलं. महात्मा फुल्यांनी त्यांची पाठराखण केली. पुढं पुस्तक विस्मरणात गेलं ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध केलं. तक्रार एकच, सगळ्यांची: वाक्यं लांबलचक आणि सूर चढा. तात्यांना ती अडचण वाटलीच नाही, कारण त्यांनी हेही मोठ्यानं वाचलं. भांडणात श्वास न घेता बोलणारी बाई जशी बोलते तशी ताराबाईंची वाक्यं आहेत. तरुण मुलामुलींना ‘माझा प्रवास’च्या आधी हेच द्या. चाळिशीपुढच्यांना, आणि ज्यांना प्रवासवर्णनांची आवड आहे त्यांना, गोडसे.

आणि एक अवघड पुस्तक

बेळगाव जिल्ह्यातल्या यमकनमर्डीत जन्मलेल्या कमल देसाई यांचं ‘काळा सूर्य आणि हॅट घालणारी बाई’, १९७५. एका पुस्तकात दोन लघुकादंबऱ्या. तात्या आणि अण्णा दोघांनीही स्पष्ट सांगितलं, कळलं नाही. मुलीनं पुन्हा पुन्हा वाचलं आणि म्हणाली की दुसऱ्या वाचनात उलगडायला लागलं. वास्तवाचे नेहमीचे नियम इथं चालत नाहीत. बाई स्वतःच्या मर्जीनं जगायला निघते तेव्हा अवतीभवतीचं जग कसं वेडंवाकडं दिसू लागतं हे इथं आहे. मला हे पुस्तक मनापासून आवडतं, तरी कुणालाही सुरुवात यापासून करू देणार नाही. ज्यांनी आधुनिक मराठी कविता वाचली आहे आणि अर्थ लगेच हाती लागला नाही तरी जे अस्वस्थ होत नाहीत, त्यांनी जरूर घ्यावं. गटासाठी नको, चर्चा ‘कळलं’ आणि ‘नाही कळलं’ यापुढं जात नाही.

प्रती मिळवण्याबद्दल थोडं. ‘माझा प्रवास’चा प्रताधिकार कधीच संपला आहे, त्यामुळं अनेक प्रकाशकांच्या आवृत्त्या मिळतात. बाकीच्यांपैकी जे पुस्तक दुकानात दिसणार नाही त्यासाठी आधी ग्रंथालयात चौकशी करा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आपल्या गावात आहे, आणि विद्यापीठातलं बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयही. कपाटासमोर उभं राहून पहिली चार पानं तिथंच वाचा. ‘गोतावळा’ असेल तर ओठ हलवत वाचा, आजूबाजूला कुणी बघत असलं तरी. गटासाठी घेत असाल तर एकच प्रत सगळ्यांत फिरवू नका, शेवटच्या माणसाच्या हाती ती बैठकीच्या आदल्या रात्री पडते आणि तो न वाचताच येतो. निदान तीन प्रती तरी जमवाव्यात.

आम्ही पुढच्या महिन्यासाठी राजन गवस यांची ‘चौंडकं’ घेतली आहे. १९८५ची कादंबरी, देवदासी प्रथेवरची, गडहिंग्लजकडच्या लेखकाची. २००९च्या ‘जोगवा’ चित्रपटामुळं अनेकांना वाटतं की ही गोष्ट आपल्याला माहीत आहे. तसं समजून वाचायला बसू नका. चित्रपटात ‘चौंडकं’बरोबर गवसांचीच ‘भंडारभोग’ आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा एकत्र आली आहे, त्यामुळं पडद्यावर पाहिलेलं सगळंच या एका पुस्तकात सापडणार नाही. चित्रपट पाहून झाला असेल तर मध्ये थोडे दिवस जाऊ द्या आणि मगच पहिलं पान उघडा.